वैद्यांची पुडी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "वैद्यांचं औषध चालू केलंय, पण बांबोळीच्या हॉस्पिटलात सांगू नका, डॉक्टर रागावतील." रागावू देत. आतड्याच्या कॅन्सरची केमो चालू असताना वैद्यांचं औषध घेण्यापेक्षा ते लपवणं जास्त धोक्याचं आहे. फोनवर हे नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

झाडपाल्यात काही नसतं असं मी म्हणत नाही. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचं रसायन असतं. त्यात बदल करून तयार केलेलं इरिनोटेकान आतड्याच्या कॅन्सरवर नेहमी वापरतात, आणि सध्याची केमो लागू पडेनाशी झाली तर बाबांना बहुधा तेच देतील. मात्र ते देतात रक्त तपासून, मिलिग्रॅममध्ये मोजून. काढ्याच्या वाटीतून पोटात किती गेलं, हे वैद्यांनाही सांगता येत नाही.

आता नेमकं काय थांबवायचं ते. आधी गुळवेलीचा काढा. गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत. बाबांच्या यकृतात गाठी आहेतच. उद्या रक्तात बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा घटक) वाढलं तर गाठींमुळे, केमोमुळे की काढ्यामुळे, हे कोण ठरवणार? डॉक्टर केमो थांबवतील आणि काढा मात्र चालूच राहील.

दुसरी ती राखाडी पुडी. तिच्यात धातूचं भस्म आहे का, आणि कसलं, हे वैद्यांकडून कागदावर लिहून घ्या. बॉस्टनमध्ये विकली जाणारी 70 आयुर्वेदिक औषधं तपासली तेव्हा 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. तो अभ्यास 2004 चा. शिशाने नसा बिघडतात, बाबांच्या केमोतल्या ऑक्सालिप्लॅटिननेही बिघडतात. लिहून द्यायला वैद्य तयार नसतील तर पुडी बंद.

तिसरी गोष्ट कोणाच्या लक्षातच येत नाही: काकांनी आणलेल्या ताकदीच्या गोळ्या. त्यांत फॉलिक ॲसिड असतं, आणि त्याने केमोच्या गोळ्यांचा, म्हणजे कॅपेसिटाबिनचा, त्रास वाढतो, म्हणजे जुलाब आणि तोंडातले फोड. डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय त्या नकोत. जर्दाळूच्या बियांची ‘बी-17’ पावडर कोणी आणली तर सरळ फेकून द्या. पोटात गेल्यावर तिच्यातून सायनाइड सुटतं. आणि ‘कॅन्सर हमखास बरा’ अशी जाहिरात करणंच 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे. तसलं पत्रक घेऊन येणाऱ्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

आमटीतली हळद, सोलकढी, तेलाने पाय चोळणं, देवळातला कौल हे सगळं राहू दे. फक्त कौल लावून केमोची तारीख पुढे ढकलू नका. आणि आई, साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही, बाबा मात्र वाळतात. उकड्या तांदळाच्या पेजेत मूग घाल, बरोबर अंडं किंवा नीट शिजवलेला मासा दे, आणि दर सोमवारी त्यांचं वजन लिहून ठेव. कालवं, तिसऱ्या असले शिंपले अर्धवट शिजलेले नकोत.

केमोचं वेळापत्रक 21 दिवसांचं. पहिल्या दिवशी ऑक्सालिप्लॅटिन शिरेतून, मग 14 दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, आणि नंतर 7 दिवस सुट्टी. एखादी वेळ चुकली तर चुकली, पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. नेहमीपेक्षा 4 वेळा जास्त जुलाब झाले, किंवा रात्री उठून जावं लागलं, तर पुढची गोळी न घेता फोन करा. तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात, म्हणून पहिल्या दिवसापासून 10 टक्के युरियाचं मलम दोनदा लावायचं, गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत आणि तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालायची नाही.

ऑक्सालिप्लॅटिननंतर निदान 5 दिवस थंडीपासून जपायचं. फ्रीजमधली भांडी, बर्फातले बांगडे यांना हात लागला की बोटांत टाचण्या टोचल्यासारखं होतं. थंड पाणी प्यायलं तर घसा आवळल्यासारखा वाटतो. श्वास प्रत्यक्षात अडत नाही, पण माणूस भयंकर घाबरतो. अशा वेळी कोमट पाणी घोट घोट द्यायचं. बाजाराची पिशवी तेवढे दिवस आईकडे. मुंग्या पुढच्या केमोपर्यंत गेल्या नाहीत, किंवा शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली, तर ते आवर्जून सांगा. मात्रा कमी करता येते. सहन करत बसलात तर नसा कायमच्या जातात.

ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला तर रात्रीचे 2 वाजलेले असले तरी कॅज्युअल्टीत जायचं, आणि दारातच सांगायचं, "केमो चालू आहे, ताप आहे." साधारण 7 ते 14 व्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. म्हणून अंग दुखलं तरी आधी थर्मामीटर, मग पॅरासिटामॉल. उलटं केलंत तर ताप झाकला जातो आणि जंतुसंसर्ग आत वाढत राहतो.

डॉक्टरांना एक विचारा: आर.ए.एस., बी.आर.ए.एफ. आणि एम.एस.आय. या गाठीच्या जनुकीय तपासण्या बायोप्सीच्या ब्लॉकवर (मेणात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावर) झाल्या आहेत का? कोणतं औषध चालणार आणि इम्युनोथेरपीचा (शरीराची प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या उपचाराचा) उपयोग होईल का, हे त्यांवरून ठरतं. परळला टाटात दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसते रिपोर्ट पुरणार नाहीत, ब्लॉक आणि काचपट्ट्याही न्याव्या लागतील.

यकृतातल्या गाठींसह हा आजार मुळापासून जाईल असं डॉक्टर म्हणालेले नाहीत. ही केमो दिवस वाढवण्यासाठी आणि ते बरे जावेत यासाठी आहे. पुढच्या स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या दिसल्या आणि बाबा थकले असतील, तर "आता पुरे" म्हणायचा हक्क त्यांचा. तो निर्णय माझा नाही, काकांचाही नाही.

दुखण्यासाठी मॉर्फिन दिलं तर घाबरू नका. दुखणं सुरू होण्याची वाट न बघता घड्याळाप्रमाणे, साध्या गोळ्या दर 4 तासांनी घ्यायच्या असतात. पहिले 2-3 दिवस झोप येते, मळमळतं, मग ते ओसरतं. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पहिल्या गोळीबरोबरच रेचक मागून घ्या.

बुधवारी जाताना काढ्याची बाटली, पुड्या, काकांच्या गोळ्यांचं पाकीट, सगळं एका पिशवीत घाला आणि डॉक्टरांच्या टेबलावर रिकामं करा. बाबा, तुम्हाला संकोच वाटत असेल तर पिशवी आईच्या हातात द्या.

तुमची लेक