बाबांच्या सदऱ्याचा मुंढा

नागपूर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, दिवाळीत सदरा तुमच्या डोक्यातच अडकला होता. उजवा हात वर जाईना, तरी तुम्ही कुणाला हाक मारली नाही. ते माझ्या मनातून जात नाही. शिवणक्लासच्या मॅडमनी प्रत्येकीला एक कपडा कल्पनेपासून शेवटच्या बटणापर्यंत न्यायला सांगितला, तेव्हा मी तुमचा सदराच घेतला.

चित्र लवकर जमलं: समोरून पूर्ण उघडणारा, उजव्या खांद्याची शिवण गळ्यापासून बाहीच्या टोकापर्यंत टिचबटणांची. मग गांधीबागेतून सुती कापड आणलं. येता-जाता एम्प्रेस मिलची जागा लागते. 1877 साली सुरू झालेली मिल, आता तिथे मॉल आहे. आजोबा तिथल्या मागावर होते, त्यांच्या गोष्टी कापडाच्या थानापाशी संपायच्या. थान मिलबाहेर पडल्यावर पुढे काय होतं, ते मी आता शिकते आहे.

कापडावर 50 सेंटिमीटरचा चौकोन आखून ते धुतलं, गच्चीवर वाळवलं. उभ्या धाग्यात 48 च भरलं! तसंच शिवलं असतं तर पहिल्याच धुण्यात सदरा आखूड झाला असता. आता सगळं कापड भिजवूनच कापणार.

खरी अडचण मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या काखेच्या गोलाईची. हात उचलायला त्रास होतो, तर मुंढा खोल करावा असं मला वाटलं. मांजरपाटाचा कच्चा सदरा शिवून घरमालक काकांना घातला. त्यांनी हात जरा वर केला, तर अख्खा सदरा कमरेपासून वर ओढला गेला. मुंढा खाली गेला की बाही अंगालाच जखडते. मॅडमनी उलट करायला लावलं: मुंढा काखेजवळ घेतला, बाहीचा माथा, म्हणजे खांद्याकडचा उंचवटा, उतरवून बाही रुंद केली. दुसऱ्या कच्च्या सदऱ्यात काकांचा हात वर गेला आणि कापड फारसं हललं नाही.

आई, तू माझं ब्लाउज बेतण्याआधी वर्तमानपत्र कापायचीस, जुन्या लुगड्यावर टाके घालून अंगाला लावून बघायचीस. मी कंटाळायचे, एकदा तोंडावर बोललेही होते. चुकलं माझं. कारखान्यातही हेच करतात. कापडाचे कितीतरी थर एकावर एक अंथरून एकदम कापतात. कागदावर पाव इंच चुकला, की प्रत्येक थरात तो चुकतो. म्हणून नमुना पास झाल्याशिवाय कात्री चालत नाही. तुझे ते कागद अजून असतील तर फेकू नकोस, मला हवेत.

आता मापं पाठव. बाबांना उभं करून छाती, उजवा दंड, आणि हात सहज जाईल तितका वर करून काखेपासून कमरेपर्यंतची लांबी. जुना टेप ताणला गेलाय, माझ्या कपाटात नवा आहे तो घे.

बाबा, सदरा घालताना आधी उजवा हात घाला, काढताना तो शेवटी काढा. आणि टिचबटण एकट्या डाव्या हाताने लागतं का, ते आईच्या एखाद्या ब्लाउजवर करून बघा. लागत नसेल तर तसं कळवा, मी दुसरं काही बसवते.

तुमची,
ताई