'संदिग्ध' या एका शब्दावर किती ओझे लादायचे?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या एकाच अंकातील तीन बातम्यांत 'संदिग्ध' हा शब्द आला. पहिल्या बातमीत एका नियमाची भाषा संदिग्ध होती, दुसरीत एका नेत्याचे विधान संदिग्ध होते आणि तिसरीत एक जमीनव्यवहार संदिग्ध होता. तिन्ही बातम्या इंग्रजी मजकुरावरून घेतलेल्या दिसत होत्या, म्हणून मी तो मजकूर शोधून वाचला. तेथे अनुक्रमे 'व्हेग', 'अँबिग्युअस' आणि 'मर्की' असे तीन वेगळे शब्द होते. इंग्रजीत ज्या तीन निराळ्या तक्रारी होत्या, त्या मराठीत येताना एकच होऊन बसल्या आणि नेमके बिघडले आहे काय, हे वाचकाला कळेनासे झाले.

मी पस्तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवले आणि निवृत्तीनंतर काही वकिलांसाठी दस्तऐवजांची भाषांतरे करते, त्यामुळे या शब्दांशी माझी रोजची गाठ पडते. अंधार आणि अस्पष्टता दाखवणाऱ्या इंग्रजी शब्दांचा गोतावळा मोठा आहे. आमच्या पिढीने तो शब्दार्थांच्या वहीतून पाठ केला. वहीत डावीकडे 'डिम', 'हेझी', 'व्हेग', 'ऑब्स्क्युअर' असे शब्द एकाखाली एक लिहिलेले असत आणि उजवीकडे पहिल्या ओळीत 'अस्पष्ट' लिहून खाली डिट्टोच्या खुणा मारलेल्या असत. पुढे मी शिक्षिका झाले तेव्हाही वही तीच होती. माझ्या एका विद्यार्थिनीने निबंधात 'आजीची दृष्टी व्हेग झाली आहे' असे वाक्य इंग्रजीत लिहिले होते. मी ते लाल शाईने खोडले खरे, पण ते चूक का, हे तिला समजावताना माझीच तारांबळ उडाली, कारण तोवर मीही हे शब्द सवयीने वापरत आले होते, पारखून नव्हे.

'व्हेग' आणि 'अँबिग्युअस' यांच्यातील फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यावर माणसांचा पैसा आणि प्रसंगी स्वातंत्र्य अवलंबून असते. 'व्हेग'चे मूळ असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ भटकणारा असा आहे. मेंदूपासून निघून पोटापर्यंत हिंडत जाणाऱ्या मज्जातंतूला वैद्यकात 'व्हेगस' म्हणतात, ते याच कारणाने. 'अँबिग्युअस'च्या मुळाशी मात्र दोन्हीकडे हाकण्याची कल्पना आहे. म्हणजे पहिल्या प्रकारात अर्थाला ठावठिकाणाच नसतो, तर दुसऱ्या प्रकारात ठिकाणे दोन असतात, दोन्ही पक्की असतात, आणि अडचण एवढीच असते की आपण नेमके कोणत्या ठिकाणी जायचे ते कळत नाही.

या भेदाची सर्वांत चोख उदाहरणे मला कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात मिळाली नाहीत. ती १८७२ साली झालेल्या दोन कायद्यांत मिळाली. करार कायद्याच्या कलम २९ खाली असे उदाहरण आहे की एक जण दुसऱ्याला 'शंभर टन तेल' विकण्याचे कबूल करतो, परंतु कोणते तेल, हे दाखवणारी एकही खूण कोठे नाही. खोबरेल, करडई, एरंडेल, काहीही असू शकते, म्हणून असा करार अनिश्चिततेमुळे रद्दबातल ठरतो. हा झाला 'व्हेग'पणा. पुरावा कायद्याच्या कलम ९६ मध्ये एक जण 'माझा पांढरा घोडा' हजार रुपयांना विकण्याचे ठरवतो आणि त्याच्याकडे पांढरे घोडे दोन निघतात. येथे शब्द कोठेही भटकलेले नाहीत, ते दोन घोड्यांपाशी येऊन थांबलेले आहेत, आणि म्हणूनच त्यांपैकी कोणता घोडा मनात होता हे दाखवणारा पुरावा देण्याची मुभा कायदा देतो. त्याच कायद्याच्या कलम ९३ मध्ये मात्र घोड्याची किंमतच 'हजार किंवा दीड हजार' अशी लिहिलेली असते; तेथे दुहेरीपणा कागदावर उघड दिसत असल्याने खरी किंमत कोणती ठरली होती, याचा पुरावा बाहेरून आणता येत नाही. पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असली, तरी हा भेद गेलेला नाही. भाषांतरकाराने या दोन्ही कायद्यांतील उदाहरणांना 'संदिग्ध' हे एकच लेबल लावले, तर तेल आणि घोडा एकाच दावणीला बांधल्यासारखे होईल.

'व्हेग' शब्दांची झळ महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली, ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ खाली. आणि सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरवले. त्या कलमात दुसऱ्याला त्रास होईल, गैरसोय होईल अशा मजकुराचा उल्लेख होता, आणि कोणाला कशाचा त्रास होईल याला काही हद्दच नसल्यामुळे त्याची भाषा न्यायालयाने 'व्हेग' ठरवली. 'त्रास' या शब्दाचे दोन अर्थ होत नाहीत, अर्थ एकच आहे, परंतु त्याला कुंपण नाही. ते कलम 'संदिग्ध' होते असे लिहिले की न्यायालयाला त्यातून दोन अर्थ निघताना दिसले असावेत, असा वाचकाचा समज होतो. वास्तविक यासाठी आपल्याकडे 'मोघम' हा रोजच्या बोलण्यातला शब्द हाताशी आहे. मोघम उत्तर, मोघम हिशेब, मोघम आश्वासन असे आपण सहज म्हणतो. बातमी लिहिताना तो शब्द घरगुती का वाटावा, हे मला उमगलेले नाही. 'अँबिग्युअस'साठी 'द्व्यर्थी' वापरावा असे मी सुचवले असते, पण तो शब्द उच्चारताच आपल्याला चावट विनोदच आठवतात, तेव्हा 'दुहेरी अर्थाचे' म्हणणे बरे. श्लेषावर पोसलेल्या भाषेला ही कल्पना समजावून सांगण्याची तशी गरज नाही; श्लेष दुहेरी असतो आणि तो मोघम असला तर फसतो. राहता राहिला 'संदिग्ध'. तो आणि 'संदेह' हे एकाच धातूपासून आले आहेत, त्या धातूचा अर्थ माखणे, लिंपणे असा आहे, आणि जेथे खरोखरच संशय आहे तेथे तो शब्द शोभतो.

प्रत्यक्ष अंधाराच्या शब्दांकडे वळले की काम थोडे सोपे होते. 'डार्क' म्हणजे उजेड नाही, 'डिम' म्हणजे उजेड आहे पण अशक्त आहे. देवघरात समई तेवत असेल तर खोली 'डिम' असते, समई शांत झाली की 'डार्क' होते. आजीच्या डोळ्यांत दृष्टी होती, ती क्षीण झाली होती, म्हणून त्या निबंधात 'डिम' हवे होते. आपला 'मंद' हा शब्द याच्याशी इतका जुळतो की तो दिव्यालाही लागतो आणि बुद्धीलाही, आणि इंग्रजीतही बेताच्या बुद्धीच्या माणसाला 'डिम' म्हणतात. 'ग्लूमी'मध्ये अपुऱ्या उजेडाला उदासपणाची जोड असते. गंमत अशी की या शब्दाच्या घराण्यात आधी आला तो चेहरा. जुन्या इंग्रजीनंतरच्या काळात 'ग्लूम' या क्रियापदाचा अर्थ कपाळाला आठ्या घालणे असा होता आणि आकाश काळवंडण्याचा अर्थ पुढे आला. आपले 'मळभ' उलट्या वाटेने गेले, ते आधी आकाशात होते आणि मग मनावर आले.

धुक्याच्या शब्दांत हवामानशास्त्राने मर्यादा आखून दिल्या आहेत. एक किलोमीटरच्या आत दिसेनासे झाले की 'फॉग', त्याहून पुढचे दिसत असेल तर 'मिस्ट'. दोन्ही पाण्याच्या थेंबांचे. 'हेझ' मात्र कोरडी असते, धूळ, धूर, क्षार यांची. म्हणूनच इंग्रजीत डोळे 'मिस्टी' होतात आणि आठवण 'हेझी' होते. पाणावतात ते डोळे, धूळ बसते ती आठवणीवर. 'धूसर' हा आपला शब्दही मुळात धुळीच्या रंगाचाच आहे. मुंबईच्या हिवाळ्यात धूळ आणि धूर साचलेल्या सकाळी छायाचित्राखाली 'धुक्याची दुलई' असे लिहिले जाते, ते वाचून दम्याच्या रुग्णांना काय वाटत असेल कोण जाणे.

'ऑब्स्क्युअर' हा या सर्वांत फसवा शब्द आहे. त्याचा मूळ भाव झाकलेले असा आहे; ढगांनी चंद्र झाकोळला तर इंग्रजी तेच क्रियापद वापरते. पण जे झाकले गेले ते माणसाचे नाव आहे की त्याच्या म्हणण्याचा अर्थ, हे संदर्भावरून ठरवावे लागते. इफेससचा प्राचीन तत्त्वज्ञ हेराक्लिटस याला ग्रीक लोक 'अंधारा' या अर्थाच्या टोपणनावाने ओळखत आणि इंग्रजीत तो 'ऑब्स्क्युअर' झाला. येथे अर्थ दुर्बोध असा आहे, कारण नाव तर अडीच हजार वर्षे टिकले आहे. याउलट एखाद्या परिचयात 'ऑब्स्क्युअर' कवीचा उल्लेख आला, तर बहुतेक वेळा तो कवी फारसा कोणाला ठाऊक नाही, एवढेच म्हणायचे असते. मी एकदा भाषांतरात अशा एका कवीला 'दुर्बोध' म्हणून बसले होते. त्याच्या कविता पुढे वाचल्या, तर त्या शाळकरी मुलालाही कळतील अशा निघाल्या.

विज्ञानाच्या पानावर 'डार्क'नेच घोटाळा केला आहे. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये कोमा दीर्घिकासमूहातील दीर्घिकांचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारकासमुदायांचे, वेग अभ्यासून, दिसणाऱ्या वस्तुमानापेक्षा तेथे कितीतरी अधिक वस्तुमान असले पाहिजे असे मांडले आणि त्याला जर्मन भाषेत 'डार्क' द्रव्य म्हटले. आपण त्याचे 'कृष्णद्रव्य' केले. कृष्ण म्हणजे काळे, आणि काळी वस्तू प्रकाश शोषून घेते, म्हणून कृष्णविवर हे नाव अगदी यथार्थ आहे. हे द्रव्य मात्र प्रकाश देतही नाही आणि शोषतही नाही, प्रकाश त्यातून सरळ निघून जातो. त्याला 'अदृश्य द्रव्य' म्हणणे अधिक खरे झाले असते, परंतु आता ते नाव इतके रुळले आहे की माझ्यासारखीने हट्ट धरण्यात अर्थ नाही.

शेवटी त्या जमीनव्यवहाराविषयी. 'मर्की' म्हणजे ज्यात काही तरी मिसळले आहे म्हणून तळ दिसत नाही असे. पाण्यालाही लागते, व्यवहारालाही लागते, आणि 'गढूळ' हा आपला शब्दही दोन्हीकडे तसाच लागतो. मात्र या शब्दात घाणीचा संशय अंतर्भूत आहे, आणि तेथेच 'ओपेक' त्याच्यापासून वेगळा पडतो. 'ओपेक' प्रक्रिया म्हणजे आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही, इतकेच. आत घाण आहे की सारे नीटनेटके आहे, याविषयी तो शब्द काहीच बोलत नाही. इंग्रजी मजकुरात 'ओपेक' असताना मराठी बातमीत 'गढूळ' आले, तर एखाद्या संस्थेवर मूळ वार्ताहराने न केलेला आरोप आपण केलेला असतो. अडचण अशी की 'ओपेक'साठी मला मनासारखा मराठी शब्द अजून सापडलेला नाही. 'अपारदर्शक' हा शास्त्राच्या पुस्तकातील काचेला आणि लाकडाला ठीक आहे, पण कोणा लेखकाच्या गद्याला किंवा एखाद्या समितीच्या कारभाराला तो लावला की वाक्य अवघडते. 'बंदिस्त' मी काही काळ वापरून पाहिला, परंतु बंदिस्त गोष्टीत शिरता येत नाही, आणि 'ओपेक' गोष्टीत केवळ पाहता येत नाही. आपल्या वाचकांपैकी कोणाच्या बोलीत, कामधंद्यात किंवा घरात यासाठी एखादा शब्द असेल, तर त्यांनी तो या सदरातून कळवावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, सांगली