बंधारा अर्धवट, करवसुली मात्र पूर्ण : किनारा संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

परवा अमावास्येच्या उधाणाचे पाणी आमच्या ओटीवर चढले. वादळी हंगामापूर्वी बंधारा पूर्ण करण्याचा शब्द आपण जाहीर सभेत दिला होता. तो बंधारा आमच्या वस्तीच्या अलीकडेच थांबला आहे. भिंतीवर आपटलेली लाट पायथ्याची वाळू ओढून नेते आणि भिंतीच्या टोकाशी वळून शेजारची जमीन कापते, हे आपल्या अभियंत्यांना ठाऊक नसेल असे मानणे हा त्यांचा अपमान ठरेल. भिंतीआड विश्रामगृह तेवढे सुखरूप राहिले, हा योगायोगच म्हणायचा.

समुद्राने आम्हाला मासळी दिली, बंदरावरचे काम दिले, उन्हाळ्यातही सुसह्य वारा दिला. त्याबदल्यात गंजलेल्या बिजागऱ्या आणि वादळाची धास्ती आम्ही मुकाट्याने सोसली. हा व्यवहार आम्हाला मान्य होता. आता मात्र लाभ विश्रामगृहाकडे आणि धोका आमच्याकडे, अशी वाटणी झाली आहे. त्यांच्या कूपनलिका रात्रंदिवस उपसा करतात, आणि गोड्या पाण्याची पातळी एक मीटर उतरली की खालचे खारे पाणी सुमारे चाळीस मीटर वर सरकू शकते. माझी विहीर मचूळ झाली. साबणाला धड फेससुद्धा येत नाही.

‘निसर्गापुढे कोणाचे चालते?’ हे आपले ठरलेले उत्तर. १९५३ च्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे गेली. त्यानंतर त्या देशाने कित्येक दशके खपून धरणे आणि उधाण अडवणारे दरवाजे उभारले. ते श्रीमंत, असे म्हणाल. मग आजच्या बांगलादेशाचे काय? तिथे १९७० च्या चक्रीवादळाने तीन लाखांच्या आसपास बळी घेतले, आणि आश्रयस्थाने व वेळेवरचे इशारे आल्यानंतर २००७ च्या सिडर वादळात ती संख्या काही हजारांवर आली.

आपल्याकडे एक खाते किनाऱ्यावर बांधकामाला परवानगी देते, दुसरे नुकसानीचे पंचनामे करते आणि तिसरे कर गोळा करते. भरपाई मागायला गेलो, तर जमीन अस्तित्वात असल्याचा दाखला मागण्यात आला. करखात्याला मात्र तीच जमीन पाण्याखालीही स्वच्छ दिसते.

भिंत लांबवून समुद्र पुढच्या वस्तीवर ढकलू नका. पुळणीवर वाळूची भर घाला, कूपनलिका बंद करा आणि बुडालेल्या जमिनीचा कर थांबवा. पुढचे उधाण पौर्णिमेला आहे. पाहणीस यायचे असल्यास भरतीच्या वेळी यावे. ओहोटीची छायाचित्रे आपल्या खात्याकडे पुरेशी आहेत.

आपला,
एक किनारावासी करदाता