लिहून देणार, लिहून घेणार

बाई, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे पत्र मराठीतच लिहितोय. इंग्रजीत मला फक्त 'थँक यू' म्हणता येतं आणि ते त्या चार दिवसांत पंधरा-वीस वेळा म्हणून झालं. लेक वाचून दाखवेल. नाव घालू नका म्हणालात, म्हणून नुसतं बाई.

मी भूमी अभिलेख खात्यातला भूकरमापक. नोकरीभर लोकांच्या बांधावर उभा राहिलो आणि भावाभावांच्या शिव्या ऐकल्या. निवृत्तीनंतर अमेरिकेत, नेब्रास्कात लेकीकडे आलो, तर विहीणबाईंनी जेवताना सहज सांगितलं, की त्यांच्या सासरचे मूळपुरुष, म्हणजे जावयाचे खापरपणजोबा, बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून आले, सरकारने त्यांना १६० एकर फुकट दिले आणि बुवांनी ते पत्त्यांत घालवले. असा एक आजोबा आमच्याकडेही घरटी असतो. पण मला राहवलं नाही. जमीन गेली म्हणजे कागद झाला असणारच, मी काढून दाखवतो म्हणालो.

म्हणालो खरं. नावावरून शोधायला गेलो आणि आठवडा वाया घालवला. त्यांच्या चेक आडनावापुढे जुन्या कारकुनांनी हात टेकले होते, ज्याला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. मग लेकीने तुमच्या काउंटीच्या, म्हणजे आमच्या भाषेत जिल्ह्याच्या, दप्तरात आणून सोडलं. तिथे तुम्ही होतात, पगार न घेता, दर मंगळवारी-गुरुवारी, गळ्यात भिंग अडकवून.

तुम्ही नाव विचारलंच नाहीत. शेजारी कोण होते, ते विचारलंत. विहीणबाईंच्या जुन्या फोटोमागे पेन्सिलीने एका शेजाऱ्याचं नाव होतं, तेवढंच माझ्याकडे होतं. तुम्ही काउंटीचा जुना नकाशा पसरलात. प्रत्येक तुकड्यावर मालकाचं नाव. शेजारी सापडला, त्याच्या बांधाला बांध लावून आमचे खापरपणजोबा, तिसऱ्याच स्पेलिंगात. मला स्वतःचीच लाज वाटली. जन्मभर मी गट नंबर धरून जमीन शोधली, आणि इथे माणसाच्या नावामागे धावत होतो!

त्या नकाशाशी मात्र माझी लगेच दोस्ती झाली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, एकेक ६४० एकरांचा. आकडे ईशान्येच्या कोपऱ्यापासून सुरू होऊन पश्चिमेला जातात, सहाच्या खाली सात, आणि मग उलटे पूर्वेला. बैल शेताच्या टोकाला वळतात आणि पुढचं तास धरतात, अगदी तसं. सेक्शनचा चौथा भाग म्हणजे १६० एकर, एका कुटुंबाचा वाटा. तुमची जमीन मोजायची गुंटर साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. आमची ३३ फुटांची, १६ भागांची, एकेका भागाला आम्ही आणा म्हणतो. बरोब्बर निम्मी! हे सांगितल्यावर तुम्ही शेजारच्या टेबलावरच्या बाईला हाक मारून बोलावलंत, आठवतं?

नंतर तुम्ही सांगितलंत, की काउंटीत मिळेल ते पट्टा, म्हणजे सरकारने दिलेला मालकीचा कागद, मिळाल्यानंतरचं. आधीचं सगळं वॉशिंग्टनला, राष्ट्रीय अभिलेखागारात. १८६२ च्या होमस्टेड कायद्यात जमीन फुकट असली तरी पाच वर्षं तिथे राहून, कसून दाखवायची होती, आणि दोन साक्षीदारांनी तसं सांगायचं होतं. ती फाइल तुम्हीच माझ्यासाठी मिळवलीत. मला वाटलं होतं दोन पानं असतील. निघाला अख्खा संसार. ढेकळांचं घर, १४ बाय १६ फूट, एक दार, दोन खिडक्या. विहीर. चाळीस एकर नांगरट. साक्षीदारांत तोच फोटोमागचा शेजारी. नागरिकत्वाच्या कागदाची नक्कलसुद्धा, कारण नागरिक झाल्याशिवाय पट्टा नाही. आमच्या सातबाऱ्यात पीक कळतं, खिडक्या किती ते कळत नाही.

तिसऱ्या दिवशी नोंदणीची जाडजूड पुस्तकं. तुमच्याकडे दोन सूच्या, एक देणाऱ्याच्या नावाने, एक घेणाऱ्याच्या. मी लेकीला म्हटलं, अगं हे आपलं 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'! त्यानंतर मला दुभाषा लागला नाही. गहाणखत सापडलं. जनावरांचं वेगळं गहाण सापडलं, त्यात एक लाल गाय, कपाळावर चांद. १८९४ साली नेब्रास्कात मोठा दुष्काळ पडला, त्याच्या पुढच्याच वर्षी खरेदीखत. आणि गहाणाच्या पानावर, समासात, त्याच तारखेला: कर्ज फिटलं, बोजा उतरवला. तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे नुसतं पाहिलंत.

पत्ते कुठले! माणसाने जमीन विकून देणं फेडलं होतं.

खरेदीखताखाली त्यांची सही आणि बायकोची फुली. तिची संमती असल्याशिवाय घरची जमीन विकता येत नव्हती, हे तुम्ही समजावलंत. ती फुली जरा थरथरलेली आहे, दुसरी रेघ पहिलीला नीट छेदतच नाही. मी तुम्हाला सांगितलं, की आमच्या जुन्या मोडी कागदांत कुणब्याची निशाणी नांगर असायची आणि बाईची बांगडी. तुम्ही वहीत पेन्सिलीने एक गोल काढलात, विचारलंत, अशी? अशीच.

आणखी एक. पुस्तकाच्या पहिल्या ओळीत लिहून देणार म्हणून 'युनायटेड स्टेट्स' आहे. त्याच्या आधी कोण, असं मी सवयीने विचारलं. आम्हाला मागचा फेरफार लागतोच. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि तिथल्या मूळच्या ओटो-मिसूरिया लोकांचं सांगितलंत. १८५४ च्या तहात त्यांनी जमीन सोडली, बिग ब्लू नदीकाठी थोडी राखली, १८८१ मध्ये तीही सोडून त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. त्यांची निशाणी या पुस्तकात कुठेच नाही. हे न विचारता चाललं असतं, पण मग मापणी अर्धीच राहिली असती.

विहीणबाईंना कागद दाखवले. त्या समासातली ओळ त्यांनी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि आत निघून गेल्या. बाहेर आल्या त्या भिंतीवरचा फोटो पुसतच.

झेरॉक्सचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. लेकीबरोबर गुळपोळ्या पाठवतोय, त्या तरी परत करू नका. तूप लावून गरम करून खा, कोरड्या खाऊ नका.

आपला,
तासगावचा एक निवृत्त भूकरमापक