मांगरापर्यंत नेट

राजापूर,
४ जून

प्रिय दत्ता,

तुझ्या दिवाळीच्या पत्राला उत्तर दिलं नाही, पण तूही फोन उचलत नाहीस, तेव्हा फिट्टंफाट. तब्येत बरी आहे. साखर गोळीवर, गुडघे तसेच. फोनवरच बोललो असतो, पण ही शेजारी असते आणि हा विषय तिच्यासमोर नको.

भाऊ माझ्याशी बोलला. हो, तोच भाऊ.

नीट सांगतो. निखिल पुण्याहून कामासकट इकडे आलाय. घरात कुकर, टीव्ही, आईची भजनं. मीटिंगमध्ये मागून 'पांडुरंग हरी' ऐकून त्याचा साहेब हसला म्हणे. म्हणून त्याला कामाला बसायला मांगर साफ केला, पत्रे बदलले, पंखा लावला. राहिलं नेट. राउटर माजघरात आणि आपल्या जांभ्याच्या भिंती तुला माहीत आहेत. पडवीत येईपर्यंतच सिग्नलचा जीव जातो. मांगर तिथून आणखी ऐंशी मीटर.

दुकानदाराने आधी रिपीटर गळ्यात मारला. साध्या रिपीटरला ऐकायला आणि बोलायला एकच रेडिओ, म्हणजे वेग तिथेच निम्मा. त्यात पडवीत त्याला स्वतःलाच धड ऐकू येईना. आपल्या सुभानकाकांना निरोप्या केल्यासारखं झालं.

मग कंपनीचा पोरगा आला. त्याने तांब्याची लॅन केबल कलमांवरून टांगली. "शंभर मीटरच्या आत आहे काका, चालेल." अंतराचं बरोबरच होतं, आणि चाललीही. मी तेव्हाच म्हटलं, दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं, मध्ये उघड्यावर तांबं टाकू नको. पण पांढऱ्या केसांचं कोण ऐकतो? मेअखेरच्या वळवात पऱ्यापलीकडच्या माडावर वीज पडली. आपल्यापासून केवढी लांब! तरी दोन्ही टोकांचे पोर्ट मेले. नेटवर्कचा स्विच उघडला तर जळका वास आणि एका चिपला मोहरीएवढा खड्डा. लॅपटॉप वायफायवर होता म्हणून वाचला. त्या रात्री जेवताना निखिल पुण्यातल्या खोलीभाड्याचं बोलत होता. ही उठून आत गेली.

आता दोनच वाटा. एक, दोन्हीकडे छोट्या डिश लावून समोरासमोर धरायच्या. निखिलचा त्यावर जीव. पण समोरासमोर म्हणजे मध्ये पान हलता कामा नये, आणि मध्ये उभं आहे भाऊच्या वाट्याचं हापूसचं थोरलं कलम. उन्हाळ्यात फटीतून जमेलही, पण भिजलेली पानं डिशचा पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल पिऊन टाकतात. शिवाय वानरं. डिश दिसली की लोंबकळलीच. आणि खरं सांगू, काठी फिरवून सिग्नल धरायची हौस १९८७ सालीच फिटली. गावसकरचं नागपूरचं शतक जवळ आलेलं आणि तू "अजून क्लिअर करतो" म्हणून अँटेना फिरवलीस! सगळी वाडी तुला मारायला उठली होती. मी अजून माफ केलेलं नाही.

दुसरी वाट फायबर. काचेतून वीज जात नाही, पोर्ट जळायचा प्रश्न मिटला. पण टांगली तर वानरं, म्हणून पाइपात घालून पुरायची. आणि पुरायची तर भाऊच्या गडग्याच्या आतून हातभर रुंदीचा चर. तिथे आमचं गाडं अडलं.

परवा तिन्हीसांजेला मी गडग्याशी मोजपट्टी धरून उभा होतो. पलीकडून आवाज आला, "तुझ्या पोराचा नेट माझ्याकडं येल काय रे?" दत्ता, वाटणीच्या केसनंतरचं हे पहिलं वाक्य! नात मस्कतला, घरात रेंज नाही, म्हणून हा रोज काठी टेकत सड्यावर चढतो आणि तिथे उभा राहून तिच्याशी बोलतो. पावसात कसा चढणार? मी फक्त "बघतो" म्हटलं. तोंडातून दुसरं काही निघेना.

निखिलला यात अवघड काहीच दिसत नाही. मांगरातल्या वायफायच्या ॲक्सेस पॉइंटचा सिग्नल भाऊच्या खळ्यापर्यंत जातो, त्याला पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क आणि वेगळा पासवर्ड द्यायचा, झालं. ही म्हणते, आज वायर, उद्या रुसला की फावडं घालील. तिकडे भाऊची सून म्हणत असणार, आज वायर, उद्या वहिवाट. दोघींचंही चूक म्हणवत नाही. स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यावं तर तो तोंडच फिरवील, आणि न लिहावं तर तू त्याला ओळखतोस. केसमध्ये त्याच्या बाजूने साक्ष द्यायला निघाला होतास ना? मग आता सांग, तो शब्द पाळील का? हे मी दुसऱ्या कोणाला विचारणार?

लवकर कळव. पाऊस धरला की चरात पाणी भरेल.

तुझं घर बदलायचं ठरलं का? लिफ्ट असलेलंच बघ. मंजूचं बाळंतपण सुखरूप झालं हे काकूंकडून कळलं, आनंद झाला. वहिनींना नमस्कार.

उत्तर 'हो' असेल तर एवढं कर. लॅमिंग्टन रोडला जाशील तेव्हा सिंगल मोडच्या एकाच धाग्यावर चालणाऱ्या मीडिया कन्व्हर्टरची, म्हणजे फायबर लॅनला जोडणाऱ्या डब्यांची, जोडी आण. एक ए आणि एक बी अशीच बघून घे. दोन्ही ए दिले तर एकमेकांशी बोलणार नाहीत. कनेक्टर निळे, हिरवे नकोत. केबल शंभर मीटर, तयार टोकांची, आणि आत पोलादी तार नसलेली. तार असेल तर पुन्हा विजेला वाट. पैसे इथे आल्यावर देतो, म्हणजे तू येशील.

तुझा,
मन्या