मोगरा कापायचा राहिलाय

इंदूर,
फेब्रुवारी

प्रिय सुध्या,

दिवाळीनंतर माझं एक अक्षर नाही, फोन झाला तोही तूच केलास, तेव्हा शिव्या दे पण आधी हे वाच. डोळ्याचं ऑपरेशन झालं, डावा, बरं चाललंय, थेंब घालतोय. पण डॉक्टर म्हणाले वाकायचं नाही, मातीत हात नाही, आणि हे नेमकं वसंत पंचमी झाल्या झाल्या! मार्गशीर्षात सांगितलं असतं तर मी महिनाभर गुपचूप खुर्चीत बसलो असतो रे.

तर सगळी बाग आता सुनेकडे, केतकीकडे आहे. मनापासून करते पोरगी, मीटिंगा सुरू व्हायच्या आधी गमल्यांपाशी उभी असते, पण माती आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतेय आणि शिकतेय मोबाईलवरून. ते व्हिडीओवाले कुठल्या थंड देशातले, सांगतात की रात्रीचं गोठणं थांबेपर्यंत रोपं बाहेर काढू नका, मे महिन्यात लावा. त्यांच्याकडे बरोबरच आहे ते. पण ही मला विचारते, बाबा मेपर्यंत थांबूया का? मे! मे महिन्यात आपल्या गच्चीवर गमल्याच्या काठाला हात लावून दाखव. आपला वसंत म्हणजे पंचमी ते रंगपंचमी, राजवाड्यावर रंगपंचमीची मिरवणूक, आपली गेर, निघेपर्यंत मुळं धरली नाहीत तर ते रोप वैशाख काढत नाही.

बियांचं मात्र छान जमलं. तिला सांगितलं, रात्री जाड पांघरूण नकोसं झालं की भेंडी पेरायची, थंड मातीत बी नुसतं कुजतं. रात्रभर भिजवून लावली, शेजारी गिलकी आणि काकडी. माती बदलून घेतली आधी, कारण तिनं नुसती काळी भरली होती, आणि आपली माळव्याची माती तुला माहितेय, ओली असली की लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की भेगा. दोन वाटे माती, एक रेती, एक शेणखत. आणि ओल्यात खुरपी घालायची नाही, मूठ वळून दाबायची, गोळा फुटला तरच खणायचं. पाणी रोज सकाळ संध्याकाळ घालत होती, प्रेमानं. म्हटलं बोट दोन पेरं आत घाल, ओल लागली तर आज पाणी नाही. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशनं घासून काढला तिनं, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब, ते संध्याकाळी फवारलं. (जास्वंद म्हटल्यावर तुझा युरिया आठवलाच. मूठभर टाकलास आणि अजूनही म्हणतोस उन्हानं जळली. सुध्या, युरियानं जळली.)

आता खरी गोष्ट. तिच्याकडून कापणं होत नाहीये.

शेवंती संपली, देठ वाळले, चार बोटं ठेवून छाटायची म्हणजे बुडातले फुटवे वेगळे करून पुढच्या वर्षाची रोपं होतात, तर तिथेही ती एकेक वाळकं फूल हळूच खुडत बसली. गुलाबाला आता मोठी कात्री नको, त्याची छाटणी ऑक्टोबरात, फक्त कलमाच्या खालून आलेला रानटी फुटवा काढायचा, ते झालं. लिंबाला बहर आहे, तिथे खणायचं नाही, पाणी बदाबदा ओतायचं नाही, फुलं गळतात, तेही ऐकलं. म्हणजे थांब म्हटलं की थांबते, काप म्हटलं की हात थिजतो. आणि मोगरा! तुझ्या आईच्या, काकूंच्या रामबागेतल्या अंगणातला, त्यांनीच फांदी लावून दिलेला. त्याच्यासमोर कात्री घेऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "बाबा, एवढी हिरवी पानं आहेत, कसा कापू, त्याला दुखेल." अरे हे शब्द कुणाचे? तू काकूंच्या हातातून कात्री ओढून घेतली होतीस, चड्डीतला तू, आणि त्या तुला बाजूला सारून निम्मा मोगरा कापून, पानं ओरबाडून, माती मोकळी करून खत घालून आत चहा करायला गेल्या. मी एकदम गप्पच झालो. घरात कुणाला सांगणार?

तिला समजावलं रे, की मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येतं, जुनं लाकूड ठेवलंस तर पानंच बघत बसशील. मान हलवते. मी स्वतः कापेन म्हटलं तर मंगल कात्री लपवून ठेवते. आणि महिना चाललाय हातातून, एकदा ऊन चढलं की कापलेल्या झाडाला सावरायला वेळ मिळत नाही.

खताचंही तसंच. कडुनिंबाची पानगळ सुरू आहे, आणि कचरा गाडी आली की ही पिशव्या भरून देऊन टाकते, शहर स्वच्छ ना आपलं. मी सांगितलं, बाई, पालापाचोळ्याचं खत करायची पद्धत जगात "इंदूर पद्धत" म्हणून ओळखली जाते. हॉवर्ड साहेब आणि यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ मध्ये इथेच बसवली, जिथे आता अॅग्रिकल्चर कॉलेज आहे, जिथे आपण सायकली घेऊन जांभळं चोरायला जायचो. पाचोळा, शेण, थोडी राख-माती, थरावर थर, ओल ठेवायची, अधूनमधून वरखाली करायचं, तीनेक महिन्यांत खत. हे तिला भलतंच आवडलं, लगेच गच्चीच्या कोपऱ्यात ढीग घातला. तेव्हा हात चालतो तिचा, फक्त कात्रीपाशी अडतो.

तुझं गुडघ्याचं काय झालं? चिन्मयचा व्हिसा आला का? वहिनींना सांग, लोणचं संपलं.

तर काम असं आहे. तू केतकीला फोन कर. माझं सांगणं म्हणजे सासऱ्याचं सांगणं, ती हो म्हणते आणि करत नाही, पण तुझ्याशी मोकळी बोलते, आणि मोगरा तुझ्या आईचा आहे, तू काप म्हणालास तर तिला परवानगी मिळाल्यासारखं होईल. काकूंनी कापल्यावर चैत्रात किती फुललं होतं आणि तू ओंजळभर फुलं शाळेत नेली होतीस ते सगळं सांग. फोन चालू ठेवूनच कापायला लाव, पहिली फांदी पडली की पुढचं होतं. साडेपाचनंतर कर, तेव्हा मीटिंगा संपतात. याच आठवड्यात, सुध्या.

तुझा,
मन्या