बंदी पंधरवडाभर वाढवा, पण तिचा खर्च कोणाच्या नावे पडतो तेही लिहा

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

पावसाळी मासेमारी बंदी 31 जुलैऐवजी 15 ऑगस्टपर्यंत न्यावी, ही किनाऱ्यावरच्या अनेक संस्थांची जुनी मागणी. मी पालघर जिल्ह्यातल्या एका मच्छीमार संस्थेचे हिशेब लिहितो आणि या मागणीच्या बाजूचा आहे. तरीही निर्णयावर सही करण्याआधी एक कागद आपण मागवावा म्हणून हे पत्र. या उपायाने पैसे कोणाचे जातात आणि कोणाला मिळतात, एवढंच त्यावर असावं.

फायदा आधी सांगतो, कारण तो खरा आहे. ऑगस्टच्या पहिल्या फेऱ्यांत येणारं पापलेट बरंचसं छोटं असतं. पापलेटाचा भाव नगाच्या वजनाबरोबर चढतो. मोठ्या नगाला किलोमागे जो दर मिळतो, त्याच्या आसपासही छोटा माल फिरकत नाही. तोच मासा पुढे धरला तर वजनही वाढलेलं आणि दरही वाढलेला. मध्ये काही मरणार, काही दुसऱ्या माशांच्या पोटात जाणार, हे धरूनसुद्धा थांबणं परवडतं. 2023 मध्ये पापलेटाला राज्य मासा केलं, त्यालाही मग काही अर्थ राहील.

पण परवडतं कोणाला? बोट किनाऱ्याला ओढलेली असली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. खलाशांना हंगामाआधी दिलेली उचल बोटमालकाच्या अंगावर असते. खलाशी वाट्यावर काम करतो. फेरी नाही तर वाटाही नाही. पकडलेली मासळी विकून घर चालवणारी बाई तर कुठल्याच बोटीच्या कागदावर नसते. केंद्राच्या बचत-नि-मदत योजनेत बंदीच्या काळासाठी कुटुंबाला मिळतात 4,500 रुपये, आणि त्यातले 1,500 त्याने स्वतःच आधी भरलेले असतात. सध्याच्या 61 दिवसांनाच ही रक्कम पुरत नाही, त्यात आणखी पंधरा दिवस.

आणि एवढं सोसून राखलेला मासा कोणाला मिळणार? 2025 मध्ये मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, त्याचं स्वागत. पण शेतकरी पेरतो त्या वावरात कापणी त्याचीच असते. आमच्या डोलवाल्याने (प्रवाहात बांधलेलं पिशवीसारखं जाळं), दालदीवाल्याने (मासा कल्ल्यात अडकवणारं उभं जाळं) ऑगस्टमध्ये सोडलेलं पापलेट ऑक्टोबरमध्ये जाळं ओढत नेणाऱ्या ट्रॉलरच्या किंवा थव्याला वेढून तळाशी आवळणाऱ्या पर्ससीनच्या जाळ्यात गेलं, तर खर्च एकाच्या वहीत आणि जमा दुसऱ्याच्या. एकूण बेरीज नफ्याची दिसते, पण अशी बेरीज दाखवून गरिबाला ‘तुझा फायदाच आहे’ म्हणणं मला पटत नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये शासनाने 54 प्रजातींचं किमान आकारमान ठरवलं. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180. हेतू चांगलाच. पण बंदरावर उभं राहून पाहा. डोल भरतीओहोटीच्या प्रवाहाच्या तोंडाशी बांधलेली असते, प्रवाह आणेल ते तिच्यात शिरतं: बोंबील, जवळा, मांदेली, करंदी आणि त्यांत चिमुकली पापलेटंही. जाळं वर ओढून पिशवी सोडली की सगळा ढीग फळ्यांवर पडतो, तेव्हा त्यातलं लहान पापलेट मेलेलंच असतं. ते पट्टीने मोजून परत टाकलं तर समुद्रात एक मासा वाढत नाही, फक्त बोटीची कमाई घटते. त्यापुढे हा नियम बाजारात लावला, तर दंडाची भीती पाटीपुढे बसलेल्या बाईला. म्हणजे मासा वाचवण्याची वेळ निघून गेल्यावर, सगळ्यात कमी कमावणाऱ्या माणसाकडे वसुली.

हाच नियम जाळ्याच्या आसावर, म्हणजे भोकाच्या मापावर आणा, हिशेब उलटा होतो. ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला 40 मिलिमीटरचा चौकोनी आस असेल तर लहान मासा पाण्यातच निसटतो, बराचसा जिवंत. जाळी विकणारी दुकानं मोजकी, बोटी हजारोंनी. तपासणी कुठे स्वस्त पडेल हे सांगायला तज्ज्ञ समितीची गरज नाही. डोलीचा आस मोठा केला तर मात्र जवळा गेलाच, आणि जवळ्यावर ज्यांचं सुकवण्याचं काम चालतं त्या बायकांचं उत्पन्न गेलं. तिथे जाळ्यापेक्षा जागा आणि महिने बघून मार्ग काढावा लागेल, आणि तो डोलवाल्यांना विचारूनच.

प्रखर एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून धरण्याच्या मासेमारीला केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. राज्याच्या 2021 च्या दुरुस्तीत तिला 5 ते 20 लाखांचा दंड आहे. जानेवारी 2025 पासून पाळतीला ड्रोनही उडतायत. या एका उपायाची झळ मूठभर बोटींना लागते आणि फायदा बाकी सगळ्या किनाऱ्याला होतो. आमच्याकडून नवा त्याग मागण्याआधी हा उपाय पुरता अमलात आणा. पर्ससीनचंही तेच. 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने परवाने टप्प्याटप्प्याने 182 वर आणायचे होते. आज 12 सागरी मैलांच्या आत किती पर्ससीन चालतात, हे विभागाने जिल्हावार जाहीर करावं.

ट्रॉलच्या जाळ्यात शिरलेल्या कासवाला बाहेर पडायला वाट देणारा टेडही या कागदावर घ्या. तो नसल्यामुळे 2019 पासून अमेरिकेने आपली समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं. टेड लावला की थोडी कोळंबी निसटते, ती तूट ट्रॉलरवाल्याची. बाजार परत उघडला तर भाव निर्यातदाराचा. मग ती तूट निर्यातदाराने का उचलू नये?

तेव्हा विनंती अशी: बंदी वाढवायची तर मदतीची रक्कम वाढवून ती मे महिन्यातच खात्यावर जमा करा, आणि वाढीव पंधरवड्याचा खर्च-फायद्याचा तक्ता डोल, दालदी, ट्रॉल, पर्ससीन आणि विक्रेत्या महिला असा वेगवेगळा काढून प्रत्येक मच्छीमार संस्थेला मराठीत पाठवा. आकडे जुळवायला आमच्या वह्या उघड्या आहेत.

आपला,
पालघर किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार सहकारी संस्थेचा हिशेबनीस